चारी चाकांचा बुटका दांडा

मित्रांनो, मालवाहू पिकअपच्या केबिनमध्ये कधी बसलात, तर चालकाच्या डाव्या हाताला मोठा दांडा दिसेल. तो गिअरचा. त्याला दिवसभर हात लागतो, त्यामुळे त्याची मूठ घासून चकचकीत झालेली असते. काही थोड्या गाड्यांत त्याच्या शेजारी आणखी एक दांडा असतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून लोक विचारतात, "हे कायचं हाय?"

तो मी. मी एक जुना, बुटका दांडा आहे. एरवी गाडीला मागची दोन चाकं ढकलतात. मला ओढलं की पुढची दोनही ओढायला लागतात. एवढंच माझं काम. चिखल, रेती, चढ यांतून गाडी बाहेर काढण्यासाठी मला बनवलं. कारखान्यात एका माणसानं मला चार वेळा पुढे-मागे केलं, मान हलवली आणि माझ्या बुडाशी काळी रबरी टोपी बसवली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तसं वाटल्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणून ते मुद्दाम सांगून ठेवतो.

माझी पहिली तीन वर्षं सूरजागडच्या बाजूला गेली. आमची गाडी एका ठेकेदाराची होती. डोंगरावरच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांचं जेवण, पाण्याचे ड्रम, लोखंडी सामान असं सगळं ती वर न्यायची. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. लाल माती, दगड आणि पावसाळ्यात नुसती घसरण. गाडी चालवायचा लालसू. तो एटापल्लीकडचा, बोलायला कमी. चढ आला की गाडी थांबवायचा, मला सावकाश ओढायचा आणि म्हणायचा, "चल." वर पोचलं की मला पुन्हा जागेवर ठेवायचा. दर रविवारी गाडीखाली आडवा होऊन माझ्या सांध्यांना ग्रीस भरायचा. नव्या चालकाला शिकवताना तो सांगायचा, "पहिले थांब, मंग लाव. धावत्या गाडीत ओढशील तं गिअरचे दात तुटतीन." माझं कौतुक झालं ते तिथेच. जेवण वेळेवर पोचलं की वरची माणसं गाडीच्या बॉनेटवर थाप मारायची, आणि लालसू माझ्यावर.

मग ठेकेदारानं नव्या गाड्या घेतल्या आणि आमची गाडी विकायला काढली.

प्रफुल मुलचेऱ्याच्या आतल्या एका गावचा. अहेरीच्या बाजारात भाजीपाला न्यायचा, येताना सिमेंट, टिनाचे पत्रे, खताची पोती आणायची, असा धंदा त्याला करायचा होता. गाडी पाहायला तो अहेरीच्या जंगू मिस्त्रीला घेऊन आला. जंगूनं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि सरळ सांगितलं, "गाडी चांगली हाय. पण तुले चारी चाकं कायले पायजे? तू कुठी पहाड चढून राह्यला? अहेरीपर्यंत डांबर हाय. साधी घे, डिझेल कमी खाईन."

"न् लागली वेळ तं, जंगूभाऊ?" प्रफुलनं विचारलं.

"वेळेसाठी टायर चांगले ठेव. तेवढ्यानं बारा महिने निभते."

जंगूचं म्हणणं मला झोंबलं. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू, तो बरोबर होता. प्रफुलनं ऐकलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहूनच गाडी घेतली. गावात पहिले आठ दिवस येईल त्याला तो केबिनमध्ये बसवायचा, मला दाखवायचा आणि म्हणायचा, "चारी चाकं ओढते!" लोक वा वा म्हणायचे. एकदा कोरड्या शाळेच्या मैदानात मला ओढून त्यानं एक चक्करही मारली. ती माझी त्या काळातली शेवटची चक्कर.

पुढची पाच वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गाव ते अहेरी, अहेरी ते गाव. खड्डे पुष्कळ, पण खड्ड्याला मी काय करणार? खड्ड्यात गाडी हळू घालायची असते, त्याला दांडा लागत नाही. समोरून मोठे ट्रक धूळ उडवत जायचे आणि ती लाल धूळ माझ्या फाटक्या रबरी टोपीतून आत उतरायची. पावसाळ्यात खालून चिखलाचं पाणी यायचं. ग्रीस आधी सुकलं, मग गेलं. प्रफुल माझ्या मुठीला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी अडकवायचा. कधी भाजीची पिशवी, कधी ओला रुमाल. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर राग येईनासा झाला. पिशवी जड आहे की हलकी, तेही कळेनासं झालं. मी गाडीत होतो, पण गाडी कुठे चालली आहे याच्याशी माझा काही संबंध उरला नव्हता.

माझ्यामुळे प्रफुलला एक वाईट खोड मात्र लागली. टायर झिजून गुळगुळीत झाले तरी तो बदलेना. कोणी टोकलं की माझ्याकडे बोट दाखवायचा. "चारी चाकं हाय ना, अडते कायले?" मला न वापरता तो माझ्या भरवशावर राहिला.

प्रफुलची बायको साधना बाजाराच्या दिवशी सोबत यायची. ती डावखुरी. भाजीच्या जुड्या ती इतक्या झरझर बांधायची की पाहत राहावं. पण तिची गाठ उलटी पडायची. तिची सासू रुखमाबाई त्यावरून तिला नेहमी चिडवायची. "इची गाठ सोडता सोडता गिऱ्हाईक घरी पोचते न् भाजी वाळते," असं ती म्हणायची आणि दोघी हसायच्या.

गावाला एक जुना तलाव होता. वर्षानुवर्षं त्यात बेशरमीची झुडपं आणि कमळं, बाकी काही नाही. साधनानं बायांचा गट केला आणि ग्रामसभेत उभी राहून तलाव मासोळ्यांसाठी मागितला. बरेच पुरुष हसले. शेवटी ठरलं, की या पावसाळ्यात मासोळ्यांचं बीज सोडलं तर तलाव बायांचा. नाही सोडलं तर पुढल्या वर्षी दुसऱ्यांना द्यायचा, आणि बायांनी पुन्हा मागायचा नाही. 

बीज आमच्याच गाडीतून यायचं होतं. म्हणून रुखमाबाई एका सकाळी लाल कापड, तांदूळ आणि सुपारी घेऊन आली. गावदेवी मातामायला नवस बोलायचा आणि गाठ गाडीत बांधायची, असं तिनं ठरवलं होतं. तिनं स्टेअरिंग पाहिलं, मोठा दांडा पाहिला, आरसा पाहिला. मग म्हणाली, "नवसाची गाठ हलत्या जागी नाई बांधत. बाबू, यातलं हलत नाई असं काय हाय?"

प्रफुलनं क्षणभरही विचार केला नाही. माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "हा घे, माय. हा नाई हलत."

मित्रांनो, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रुखमाबाईनं कापडात तांदूळ-सुपारी घेतली आणि मला सीटखालच्या लोखंडी पट्टीशी घट्ट बांधून टाकलं. "मातामाय, बायांच्या तलावातून पहिली मासोळी निघू दे, मंग सोडीन," असं ती बोलली आणि तिनं माझ्यावर हळदीचं बोट टेकवलं. माझी पूजा झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कोणी हात जोडले, तेही मी हलत नाही म्हणून.

धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत बीज आलं. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली लोकांच्या एका गावात चंदन नावाचा माणूस बीज वाढवून विकतो. बोटाएवढ्या लांबीची पिलं, म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत थोडं पाणी, वर हवा भरलेली आणि तोंड रबरानं आवळलेलं. अशा बारा पिशव्या गाडीत ठेवल्या. वर ओला बारदाना टाकला. पिशव्या सांभाळायला मागे साधनाच्या गटातल्या सहा बाया बसल्या. चंदननं बजावून सांगितलं, "चार घंटे. उसके आगे हवा संपते. रस्त्यात कुठे थांबू नका."

डांबरी रस्ता झपाट्यानं सरला. तलावाकडे जायला शेवटचा एक किलोमीटर मातीचा होता, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. रोज त्या वाटेनं चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकं लावून जात होते. वाटेचं अगदी लोणी झालं होतं. पलीकडच्या एका बांधीत बाया ओणव्या होऊन रोवणा करत होत्या, त्यांचं गाणं ऐकू येत होतं. आमची गाडी शंभर पावलं गेली, डोलली आणि थांबली. गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरायला लागले. प्रफुलनं दगड टाकले, पळसाच्या फांद्या टाकल्या, बायांनी मागून रेटलं. चाकं आणखी खाली गेली. असा दीड तास गेला. त्याआधीचे दोन तास पिशव्या चढवण्यात आणि रस्त्यात गेले होते.

मागून गटातली सोमारी ओरडली, "साधना, मासोळ्या वर येऊन राह्यल्या वं! तोंड उघडून राह्यल्या!"

प्रफुलचा हात माझ्याकडे आला. कापडाला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला.

"काऊन थांबले?" साधनानं बाहेरून खिडकीतून विचारलं.

"मायनं बांधली हाय. मासोळी निघाल्याबिगर सोडाची नाई. मले नाई होत."

"इथीच मेल्या तं निघन कुठून मासोळी?"

"मायले काय सांगू?"

 दार उघडून साधना आत आली, डोळे मिटून मातामायचं नाव घेतलं आणि म्हणाली, "दोष मले लागू दे." तिनं गाठ सोडली. तांदळाचा एक दाणाही सांडू न देता कापड पदरात बांधलं. "ओढा."

प्रफुलनं मला ओढलं.

मी हललो नाही.

त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. सीटला पाय लावून ओढलं. त्याचं तोंड लाल झालं. खाली माझे सांधे गंजून एक झाले होते. आत काहीतरी किंचित कुरकुरलं आणि तेही थांबलं. पाच वर्षांत मला एकच काम आलं होतं आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. मला लाज वाटली. बाकी सगळं बधिर होतं, पण लाज स्पष्ट कळली.

"ऱ्हाऊ द्या," साधना म्हणाली. तिनं लुगडं वर खोचून काचा मारला, एक पिशवी छातीशी धरली आणि चिखलात उतरली. मागोमाग सोमारी, मग बाकीच्या. गुडघाभर चिखलातून सहा बाया आणि साधना अशा सात जणी तलावाकडे गेल्या. उरलेल्या पाच पिशव्यांसाठी पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. दुसऱ्या खेपेला प्रफुलही एक पिशवी घेऊन त्यांच्यामागे चालत होता. मी रिकाम्या केबिनमध्ये उघडा बसून होतो. दोन पिशव्यांतली बोटुकली मेली. दहा पिशव्या जिवंत पोचल्या.

संध्याकाळी एका ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. जाता जाता सांगतो, तो ट्रॅक्टर मागच्या दोनच चाकांवर चालत होता.

घरी पोचण्याआधी साधनानं पदरातलं कापड काढलं आणि मला पुन्हा होतं तिथेच बांधलं.  रुखमाबाईला कोणीच काही सांगितलं नाही. जंगू मिस्त्रीनं प्रफुलला नवे टायर घ्यायला लावले, पण माझ्यावर हातोडी चालवायला तो तयार होईना. "नवस सुटू दे पहिले," म्हणाला. म्हणून हिवाळाभर मी तसाच बसलो. गावातल्या बाकीच्यांना वाटे, मी गाठीमुळे हलत नाही. गाठ तर नुसतं कापड होतं.

होळीनंतर तलावाचं पाणी उतरलं, जाळं पडलं आणि हातभर लांबीची पहिली रोहू निघाली. गटातल्या सगळ्या जणी वाजतगाजत मातामायकडे गेल्या. तिथून रुखमाबाई गाडीपाशी आली. प्रफुल आणि साधना दाराशी उभे होते. तिनं माझ्यापुढे हात जोडले, गाठीला बोटं लावली आणि थांबली. गाठ उलटी होती.

साधनानं मान खाली घातली. प्रफुल म्हणाला, "माय, मी सांगतो..."

"तू काय सांगतं? गाठच सांगून राह्यली." रुखमाबाई ती गाठ सोडवत राहिली. बराच वेळ लागला. मग तिनं साधनाकडे पाहिलं. "मले काऊन नाई बोलावलं वं? मी त्याच पलीकडच्या बांधीत रोवणा करत होती. गाडी फसलेली दिसत होती मले. मी म्हटलं, लागलं तं हाक मारतीन. हाक आली असती तं मीच येऊन सोडली असती."

साधना रडायला लागली. रुखमाबाईनं कापडातले तांदूळ तिच्या पदरात टाकले.

मित्रांनो, तुमची रोजची वाट डांबराची असेल तर माझ्यासारख्या दांड्यासाठी गाडी घेऊ नका. चांगले टायर घ्या. पण घेतलीच, तर त्याला पिशव्या अडकवून विसरू नका. महिन्यातून एकदा ओढा, दहा पावलं चालवा, थेंबभर तेल द्या. वेळेला लागेल म्हणून जे जवळ ठेवता, त्याला वेळेआधी अधूनमधून हात लावा. आणि हाकेच्या अंतरावर माणूस असेल, तर हाक मारा.

जंगूनं चार दिवस तेल पाजून, ठोकून मला सोडवलं. आता दर महिन्याला प्रफुल तलावाच्या पाळीवर गाडी थांबवतो, मला सावकाश ओढतो आणि दहा पावलं जातो. काम काहीच नसतं. मलाही फारसं काही वाटत नाही. पण मागच्या खेपेला रुखमाबाई शेजारी बसली होती. तिनं माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हलते रे हा." तो हात गरम होता, हे मला कळलं.