पेरूच्या डब्यातला आवाज

शंख कानाला लावायचा, डोळे मिटायचे, की समुद्राने नेलेलं माणूस बोलायला लागायचं! त्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या आमच्या काइबारियेन गावात दुसरा विषयच नव्हता. गावचा देवऋषी, पाद्रिनो कासिमिरो, त्याच्या दारातली रांग पावाच्या दुकानापर्यंत गेलेली. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात चिरूट, कुणी रेग्लाच्या माउलीला, म्हणजे समुद्रमातेला, वाहायला कलिंगड आणलेलं.

"ना तार, ना बॅटरी!" पाद्रिनो शंख उलटासुलटा करून दाखवायचा. "हे समुद्रमातेचं टेलिफोन खातं आहे, लेकरांनो. इथे वीज जात नाही!"

वीज जात नाही म्हटल्यावर रोज अंधारात बसणारे आमचे लोक हसणारच. हसता हसता डोळे पुसायचे आणि खुर्चीवर जाऊन बसायचे.

मी फर्मिन. माझ्या गॅरेजात दर रविवारी हौशी मंडळी जमतात. मोडके रेडिओ, बंद पडलेली धुलाई यंत्रं, जे मिळेल ते उघडायचं आणि त्यातून काहीतरी चालतं-बोलतं करायचं. एकदा टेपरेकॉर्डरच्या मोटारींवर आम्ही एक खेकडा चालवला होता. तो खेकडा केला यादिएलने. असा हात पुन्हा झाला नाही. दोन वर्षांपूर्वी तो ट्रकच्या टायरांचा तराफा बांधून समुद्रातून उत्तरेच्या देशात पळून जायला निघाला, आणि त्याचं पुढे काहीच कळलं नाही.

एक दिवस त्याची आई, एदुविहेस, धापा टाकत आली. "फर्मिन, माझा यादिएल बोलला रे! शंखातून! तो एका बेटावर आजारी पडलाय. सख्खी बहीण न्यायला आली तरच सुटेल, असं पाद्रिनो म्हणाले. त्यांच्या भावाची होडी सोमवारी निघतेय. ओडालिसला पाठवतेय मी."

मी हातातला पाना खाली ठेवला. "मावशी, एकाला नेलं ना त्या समुद्राने?"

"म्हणून तर दुसरीला पाठवतेय. त्याला आणायला."

होडीच्या भाड्यापोटी घरातला फ्रीज आणि शिलाई मशीन पाद्रिनोच्या भावाकडे पोचलंसुद्धा होतं. ओडालिस दारात उभी होती. "नाही म्हटलं तर आई जेवत नाही, काका," ती म्हणाली. "आणि आवाज त्याचाच आहे. मीही ऐकलाय."

मी तसाच उठलो, रांगेत उभा राहिलो, यादिएलचं नाव सांगितलं आणि शंख कानाला लावला. "आई, ऐकू येतंय का? मी यादिएल. बोल ना काहीतरी!" खोटं कशाला बोलू, मला रडू फुटलं. त्याचाच आवाज होता.

पण त्या आवाजामागे टक्, टक्, टक् चाललं होतं. हा आमच्या गॅरेजातला पंखा! मोटार धुलाई यंत्राची, पाती गाण्यांच्या जुन्या तबकड्या कापून केलेली, आणि एका पात्याचा तुकडा उडालेला. नवा माइक जोडला की आपापल्या आईला हाक मारून तपासायचा, ही आमची जुनी रीत. ती हाक कॅसेटवर घ्यायचो. अरे, समुद्रात पंखा कुठून येणार?

"मावशी, यादिएलच्या कॅसेटचा डबा कुठाय?" मी परत येऊन विचारलं.

"पाद्रिनोंकडे. मंतरायला दिलाय."

रविवारी मी पेरूच्या वड्यांचा एक पत्र्याचा डबा घेऊन गेलो. पाद्रिनो मिशीत हसला. "काय फर्मिन, खाऊ आणलास?"

"नाही. तुमची समुद्रमाता पेरूच्या डब्यातून बोलते का, ते बघायचंय."

एदुविहेस खुर्चीवर बसली, शंख कानाला लावला. मी शेजारच्या बाईच्या कानाला डबा लावला. ती किंचाळलीच, "अगं बाई! डब्यात यादिएल!"

हशा पिकला. तेवढ्यात ओडालिसने खुर्चीखालची सतरंजी खसकन ओढली. खाली तारेची वेटोळी! वेटोळ्यांची टोकं आतल्या खोलीत गेलेली, तिथे ट्रकची बॅटरी, ॲम्प्लिफायर आणि कॅसेट. जादू एवढीच, की तारेच्या एका वेटोळ्यात आवाजाबरोबर कमीजास्त होणारा प्रवाह सोडला, तर जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यातही तसाच उमटतो. शंखात बारीक तारेची गुंडाळी आणि टेलिफोनच्या रिसीव्हरचा कानाकडचा भाग होता; तसाच जोड मी आदल्या रात्री डब्यात बसवला होता. शंखाला वेगळी बॅटरी लागतच नाही. बाकीच्यांना पाद्रिनो नुसती कुजबूज ऐकवायचा, नावं ते आपापली लावायचे.

"अविश्वासाने माता कोपली!" असं ओरडत पाद्रिनो मागच्या दाराने पसार झाला. लोक शिव्या घालत त्याच्यामागे धावले. फ्रीज मात्र परत आला नाही.

एदुविहेस खुर्चीवरच बसून होती. "म्हणजे तो जिवंत नाही?"

"मला माहीत नाही, मावशी. शंखालाही माहीत नाही."

"पण आवाज त्याचाच होता ना?"

"हो. तो खरा."

तिने माझ्या हातातला डबा ओढून घेतला आणि कानाशी धरला. "मग लाव परत."

मी आत जाऊन कॅसेट सुरू केली. "आई, ऐकू येतंय का?" तो म्हणाला. "येतंय रे बाळा," ती म्हणाली. ओडालिस तिच्या पायाशी बसली आणि आम्ही तिघंही रडलो.

सोमवारी होडी निघाली, पण ओडालिस तिच्यात नव्हती. ती आता रविवारी गॅरेजात येते, भावाच्या जागेवर बसते.

बाबांनो, तुमचंही कुणी गेलं असेल, आणि असा शंख कुणी तुमच्या हाती दिला, तर खुशाल रडा. रडण्यात लाज कसली? पण कुणाला होडीत बसवण्याआधी एकदा सतरंजी उचलून बघा.