आरतीचं वाक्य

सूर्यभान लग्नांचं शूटिंग करायचा. अमरावतीत राजापेठेला त्याचा एका शटरचा स्टुडिओ होता, आणि वरूडपासून धामणगावपर्यंत कितीतरी घरांतल्या कपाटांत त्याच्या हातच्या सीड्या पडून होत्या. लग्नसराई नसली की तो पोलिसांच्या पंचनाम्याचं शूटिंग करायचा. अपघात, गळफास, विहिरीतून काढलेली प्रेतं त्यानं वीस वर्षं पाहिली. घरी येऊन आंघोळ करायचा, जेवायचा आणि झोपायचा. बायको शकुन विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी मात्र एक काम त्याच्या अंगावर राहिलं. वरूडकडच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या एका माणसानं दीड वर्षात तीन बायका मारल्या होत्या. दर वेळी त्यानं मोबाइल उभा करून स्वतःच शूटिंग केलं होतं. मोबाइल तपासणीला पाठवण्याआधी नातेवाइकांना कपडे ओळखता यावेत म्हणून क्लिपमधले काही फोटो काढून हवे होते. ठाण्यातल्या साहेबांनी सूर्यभानला बोलावलं. तिसरी क्लिप आरती नावाच्या मुलीची होती. वय एकोणीस. संत्र्याच्या बागेतली रखवालीची झोपडी होती, मोबाइल खताच्या पोत्यावर टेकवलेला. मध्येच तो घसरला, आणि पुढं चित्रात नुसतं पोतं आणि पत्र्याची कड. आवाज मात्र सगळा होता. मुलगी ओरडत नव्हती. ती त्या माणसाला समजावत होती. एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: "भाऊ, मले जाऊ दे, माही माय फाट्यावर उभी असन."

फोटो काढायला क्लिप एकदा बघणं पुरेसं होतं. सूर्यभाननं ती स्टुडिओत नेऊन तीनदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली. सुभद्रा तिचं नाव. नवरा नव्हता, संत्री निवडायच्या कामावर जायची. तिनं फोटोतल्या ओढणीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग तिनं साहेबांना एवढंच विचारलं की पोरीला फार त्रास झाला का. साहेब चांगला माणूस होता. तो म्हणाला, पहिल्याच फटक्यात तिची शुद्ध गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. सूर्यभान बाजूलाच उभा होता. सुभद्रानं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यानंही मान डोलावली. पुढे खटला चालला, कोर्टानं क्लिप बंद खोलीत पाहिली, त्या माणसाला जन्मठेप झाली. सुभद्रा कामावर जाऊ लागली. पोरीला काही कळलं नाही, हे ती बायांना सांगायची, आणि त्यावर तिचे दिवस निघत होते.

गेल्या वर्षी अद्वैत स्टुडिओत आला. अमरावतीतल्या एका वकिलांचा मुलगा, पुण्यात सिनेमाचं शिकून परत आलेला. त्याला एक सिनेमा करायचा होता, सगळा खुनी माणसाच्या मोबाइलमध्ये सापडलेल्या चित्रीकरणातून दिसणारा. असले सिनेमे जगभर चालतात, काका, तो म्हणाला, पण त्यातले खुनीसुद्धा कॅमेरा फार छान धरतात. खऱ्या माणसाचा हात कसा असतो, हे त्याला समजून घ्यायचं होतं. कुणीतरी त्याला सूर्यभानचं नाव सांगितलं होतं.

पोरगा मन लावून ऐकणारा होता. सूर्यभान आधी वरवरचं बोलला. चौथ्या-पाचव्या भेटीत त्यानं पोतं सांगितलं, घसरलेला मोबाइल सांगितला, आणि शेवटी ते वाक्यही सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या दिवशी तो घरी जाऊन पोटभर जेवला.

अद्वैतनं ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. मुलीचं काम अबोली नावाची कॉलेजातली मुलगी करत होती. तिला ते वाक्य जमेना, ती रडायला लागायची. सूर्यभान तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि तिच्याकडून ते घोटवून घेतलं. रडू नको, तो म्हणायचा, तुले त्याले पटवून द्यायचं आहे, बस. तीस-चाळीस वेळा म्हटल्यावर तिला जमलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यभानलाही बरं वाटलं, हे खोटं नाही.

सिनेमाचा पहिला खेळ अमरावतीत एका कॉलेजच्या सभागृहात रविवारी सकाळी अकराला ठेवला होता. हॉल भरला होता. सूर्यभान बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला आणि पडद्याऐवजी माणसंच बघत राहिला. पहिल्या अर्ध्या तासात पोरं हसत होती, शिट्ट्या मारत होती. मग एकेक जण खुर्चीत पाय वर घेऊ लागला. मुली एकमेकींचे हात धरून होत्या, एकीनं डोळ्यांवर पंजा ठेवला होता आणि बोटांच्या फटीतून ती बघत होती. ते वाक्य आलं तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागले तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. चेहरे कसे लख्ख झाले होते, तापातून उठल्यासारखे.

एका प्राध्यापिकाबाईंनी अद्वैतला विचारलं की असलं काही लोक मुद्दाम बघायला का येतात. अद्वैतनं उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, लोक भीतीसाठी येत नाहीत. सिनेमा संपतो आणि आपण उठून घरी जातो, त्या उठण्यासाठी येतात. मरण जवळून बघायचं आणि आपण सुटलो म्हणून खाली समोसा खायचा, हे माणसाला लागतं. लोक हसले. उत्तर सूर्यभानला पटलं.

हॉल रिकामा होत गेला. शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाई बसूनच होती, शेजारी एक तरुण मुलगी तिला उठवत होती. सूर्यभाननं तिला लगेच ओळखलं नाही. जवळ गेल्यावर ओळखलं.

सुभद्राच्या शेजारची प्राजक्ता अमरावतीत शिकत होती. सिनेमा वरूडकडच्या घटनेवरून सुचला आहे, अशी बातमी पेपरात आली होती. ती प्राजक्ताच्या तोंडून नकळत निघून गेली, आणि मग बघायला येणारच म्हणून सुभद्रानं ऐकलंच नाही. सकाळच्या एस्टीनं ती आली होती. तिनं सूर्यभानला पाहिलं आणि प्राजक्ताला बाहेर थांबायला सांगितलं.

"ते वाक्य कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

सूर्यभानला सांगता आलं असतं की ते लिहिणाऱ्यानं मनानं घातलं. तो म्हणाला, "मी."

"म्या त्या दिवशी फाट्यावर उभीच होती. सात वाजेलोक वाट पायली. हे तिले अन् मलेच ठाऊक. म्हंजे ती बोलत होती."

"हो."

"साहेब म्हने, तिले काही समजलं नाही. तुमी तेथच उभे होते."

"होतो."

"कितीक येळ बोलत होती?"

त्यानं एकदा खोटं चालू दिलं होतं आणि ते इथं येऊन फुटलं होतं. दुसरं त्याच्या तोंडून निघेना. "नऊ मिनिटं," तो म्हणाला.

सुभद्रा रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं विचारलं, "तुमी कितींदा पायलं?"

"तीनदा."

"तीनदा पायाचं काम होतं?"

"नाही. एकदाच."

"मंग काहून पायलं?"

दर वेळी वाटायचं की या खेपेला आरती उठून दाराबाहेर जाईल, असं त्यानं स्वतःला बरीच वर्षं सांगितलं होतं. पण स्टुडिओत शटर अर्धं ओढून तिसऱ्यांदा क्लिप लावताना त्याच्या मनात तसं काही नव्हतं. त्याची नजर हटत नव्हती, इतकंच. मघाशी बोटांच्या फटीतून बघणाऱ्या मुलीची हटत नव्हती, तशीच. ती मुलगी आता खाली समोसा खात होती. हे या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

सुभद्रा उठली. पायऱ्या उतरताना तिचा तोल गेला, त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही.

त्याच दिवशी त्यानं अद्वैतला गाठलं आणि वाक्य काढून टाकायला सांगितलं. आई आली होती हे कळल्यावर अद्वैतचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं खरोखर खटपट केली, पण सिनेमा एका ऑनलाइन कंपनीला दिलेला होता. त्यांनी जाहिरातीत तेच वाक्य घेतलं होतं, आणि लोकांना तेच भिडतंय म्हणून ते काढायला तयार नव्हते. अद्वैतनं फोनवर रडून माफी मागितली. सूर्यभान त्याला रागवूही शकला नाही.

दोन महिन्यांत ते वाक्य सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. पोरं त्यावर रील करू लागली. परीक्षेला जाणारा पोरगा मास्तरला, ऑफिसातला कारकून साहेबाला म्हणतोय, भाऊ, मले जाऊ दे. अकोल्याला एका हळदीच्या कार्यक्रमात सूर्यभान शूटिंग करत होता. नवरीच्या मैत्रिणींनी नवरीचा हात धरून ओढला, आणि नवरी घाबरल्याचा आव आणून तेच वाक्य म्हणाली. मांडवभर हशा पिकला. सूर्यभाननं कॅमेरा बंद केला नाही. नवरीचं हसणं संपेपर्यंत त्यानं ते नीट टिपलं, आणि घरी येऊन अंगावरचे कपडे न बदलता भिंतीकडे तोंड करून पडला. शकुननं पहिल्यांदाच विचारलं, काय झालं. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि इतकंच म्हटलं की त्या बाईकडे जाऊन या.

तो गेला. सुभद्राचं घर फाट्यापासून पाच मिनिटांवर होतं. मृग बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीचे दिवस होते, ट्रॅक्टर भरभरून चालले होते, गावातल्या बाया निवडायच्या कामावर गेलेल्या. सुभद्रा घरी होती. सिनेमा पाहून आल्यापासून कामावर जाणं तिनं सोडलं होतं. प्राजक्ताची आई दोन वेळा भाकर आणून देई, त्यातली अर्धी तशीच राहायची. तिनं त्याला हाकललं नाही. ओसरीत बसवलं, कोरा चहा ठेवला.

तो माफी मागू लागला, तशी तिनं हातानंच थांबवलं. ते आता असू द्या, ती म्हणाली. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"मले आरतीचा आवाज याद येत नाही," ती म्हणाली. "आधी येत जाय. चुलीपाशी बसली का मांगून हाक आयकू ये. आता त्या सिनेमातल्या पोरीचाच येते. एस्टीत येते, लोकायच्या मोबाइलवर येते, डोळे मिटले तरी तिचाच. तुमी आयकला हाय तिचा. कसा होता, सांगा."

सूर्यभान आठवू लागला. "जरा जाड होता," तो म्हणाला. "नाकात बोलल्यासारखा."

"सर्दी होती तिले," सुभद्रा म्हणाली. ती पुढे सरकली. "तीन रोजापासून होती. अजून?"

त्यानं डोळे मिटले. झोपडी दिसली, पोतं दिसलं, पत्र्याची कड दिसली. ते वाक्य कानात आलं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा, त्यानं स्टुलावर बसून घोटवून घेतलेला. अबोलीचा आवाज. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अबोलीच आली. ज्या आवाजापायी सहा वर्षं त्याची झोप उडाली होती, तो त्यानं स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता. तो आवाज आता कोर्टाच्या कपाटात सील लावून पडला असेल, नाहीतर कुठंच नसेल.

सुभद्रा त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मलेही आता याद नाही," तो म्हणाला.

तिनं त्याच्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत गेली. सूर्यभान बराच वेळ ओसरीत बसून राहिला. ती बाहेर आली नाही, आणि तिला हाक मारायची त्याची छाती झाली नाही.