सुनेवरचा संशय

“मेला का नाय आजून?” झेंडूच्या फुलातून सुई काढत गोजराबाईंनी विचारलं.

“मेला की, आई. सकाळी गडी चहा घेऊन गेला, तर रावसाहेब खुर्चीतच गार.” मंजुषानं पान उलटलं.

“सुनेनं मारलं.”

“अहो, सून अजून आलीसुद्धा नाही गोष्टीत!”

“येईल. म्हातारा मेला आन् घरात सून नाय, आसं व्हतं का कुठं?”

मखमलाबादच्या त्या मळ्यात, ओसरीवर, आठवडाभर संध्याकाळी हे असंच चाललं होतं. ओल्या गोणपाटावर झेंडूचा ढीग, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सून. ओवलेले हार गोजराबाईंचा मुलगा ज्ञानेश पहाटे पंचवटीतल्या दुकानांवर पोचवायचा. गोजराबाईंना वाचता येत नव्हतं, सही मात्र मोठ्या झोकात करायच्या. सून पतसंस्थेत नोकरीला, आणि वाचनाचं वेड असं की, हातात पुस्तक असलं की दूध उतू गेलेलं सासूनं ओरडून सांगावं लागे. त्यावरून गोजराबाईंनी सुरुवातीला यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं.

श्रावणात मंजुषाचे वडील गेले आणि ते वेडही गेलं. वडील शाळामास्तर होते. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांचा सिन्नरहून फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, “काय वाचतेस सध्या?” मग बापलेकीचं बोलणं तासभर संपायचं नाही, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे साऱ्या घराला ते ऐकावं लागायचं. आता रविवारी त्या वेळेला मंजुषा मुद्दाम कपडे धुवायला बसे. वाचनालयातून आणलेल्या जाडजूड कादंबऱ्या पहिल्या पानावरूनच परत जात. घरात दूध उतू जाईना, भाजी करपेना. गोजराबाईंना ते बघवेना.

शेवटी एक दिवस मुलाच्या गाडीवर मागे बसून त्या स्वतःच वाचनालयात गेल्या.

“आजारी माणसाला पचंल आसं कायतरी द्या,” त्यांनी तिथल्या बाईंना सांगितलं. “हलकं बघा.”

बाईंनी एक पातळसं पुस्तक काढलं. “यात खून आहे हं आजी, पण रक्तबिक्त काही नाही. कोकणातल्या एका गावात रिटायर झालेल्या पोस्टमास्तरीणबाई आहेत, त्या चहा पीत पीत खुनी शोधतात.”

“चालंल. चहा आमच्याकडंबी व्हतो.”

घरी येऊन त्यांनी ते सुनेपुढे ठेवलं. “वाचून दाखव मला. हार करताना येळ जात नाय.”

हे धादांत खोटं होतं. पन्नास वर्षं हार करणाऱ्या बाईला वेळ घालवायला पुस्तक लागत नाही. पोरीनं पुन्हा आपल्या आपण वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण झालं भलतंच. म्हातारीलाच गोष्टीची चटक लागली. तिसऱ्या प्रकरणात लोणच्याची बरणी घेऊन सून आली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. “बघ! म्हनलं नव्हतं?”

“लोणचंच आणलंय, आई. विष नाही.”

“तुला काय ठावं? आन् हे बघ, माझ्याबिगर पुढं वाचायचं नाय.”

बोलून गेल्यावर त्यांना आपलंच हसू आलं. जे व्हावं म्हणून एवढा खटाटोप केला, त्यालाच त्या बंदी घालत होत्या. कारण सून एकटीनं वाचायला लागली की म्हातारीला कोण वाचून दाखवणार?

शनिवारी त्यांनी मंजुषाचा डबा घासायला घेतला. डबा भरलेला होता. पोळ्यांची घडी मोडलेली नव्हती, वांग्याची भाजी जशीच्या तशी. गोजराबाई डबा हातात धरून मोरीपाशी उभ्या राहिल्या. पोरगी जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात बुडून जेवायचं विसरली होती. त्यांना इतका आनंद झाला की हातचं काम टाकून देवापुढे साखर ठेवली. मग परत येऊन डबा घासताना डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी मंजुषा पुस्तक घेऊन आली, तर त्या म्हणाल्या, “आज ऱ्हाऊ दे. डोकं ठणकतंय. तू जा, तुझं तुझं वाच.” आणि गोणपाट ओसरीच्या पार टोकाला ओढून एकट्याच ओवत बसल्या.

रविवारी सकाळी घरभर करपलेल्या दुधाचा वास सुटला. चहाची वेळ झाली, तशी मंजुषा कपड्यांची बादली घेऊन निघाली. गोजराबाईंनी सुई थांबवली.

“मंजू, काय वाचतेस सध्या?”

शब्द तेच होते. मास्तरांचेच. मंजुषानं बादली खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग आत जाऊन ते पातळ पुस्तक घेऊन आली आणि गोणपाटाशी बसली.

“शेवटची दोन प्रकरणं राहिलीत,” ती म्हणाली.

“माझी. तुझी झाली की कवाच.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“डबा.”

मंजुषा खाली मान घालून हसली.

“कुनी मारलं ते सांगू नको हं,” गोजराबाई म्हणाल्या. “आन् त्वांड झाक. तुझ्या तोंडावर लगेच दिसतं.”

मंजुषानं पुस्तक डोळ्यांसमोर उंच धरलं आणि वाचायला सुरुवात केली. गोजराबाईंनी ढिगातलं पुढचं फूल उचललं.

“सुनेनंच मारलंय,” त्या पुटपुटल्या.