एकादशीला वाढणारे ठोके

मित्रांनो, जरा सरळ बसा आणि नीट ऐका. मी एक जुनी हृदयपट्टी आहे. सायकलचा सराव करणारी माणसे मला छातीभोवती घट्ट बांधतात, आणि मी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजून समोरच्या पडद्यावर पाठवते. माझे कापड आता सैल झाले आहे आणि कडेची शिवण एका ठिकाणी नव्या दोऱ्याने घातलेली आहे. तरीही मी आजवर एकही खोटा आकडा दिलेला नाही. यात बढाई कसली? जे खरे आहे ते स्पष्ट बोलण्याचा संकोच मी कधी बाळगला नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. काळ्या लवचीक कापडाच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत पट्टे बसवले गेले. ते माझे कान. पुढच्या बाजूला दोन टिचबटणांनी एक लहानशी डबी अडकवली गेली. ती माझी वाणी. हृदय प्रत्येक ठोक्याला विजेची अतिशय बारीक लहर सोडते. माझे कान ती टिपतात आणि डबी ती तारेवाचून पडद्यापर्यंत पोहोचवते. एवढे शिक्षण देऊन मला खोक्यात बंद केले आणि म्हैसूरला, चामराजपुरममधल्या एका घरी धाडून दिले.

ते घर नागरत्नाबाईंचे. त्यांच्या मुलाने, हयग्रीवने, टाळेबंदीच्या काळात सुटलेले पोट आत घेण्यासाठी मला मागवले होते. माझ्याबरोबर एक जडशीळ यंत्रही आले. सायकलचे मागचे चाक काढायचे आणि सायकल त्या यंत्रावर चढवायची. मग पायडल मारले की यंत्राच्या पोटातले लोखंडी चाक घोंघावू लागते, सायकल जागची हलत नाही, आणि पाय किती जोर लावतात ते यंत्र वॅटमध्ये मोजते. त्याला ट्रेनर म्हणतात. तो मुळात अबोल. पायांनी किती काम केले एवढेच तो सांगे, आणि ते काम करताना हृदयाला किती धावावे लागले ते मी सांगे. दोघांचे आकडे शेजारी ठेवले तरच माणसाची खरी स्थिती कळते. नुसत्या एकाच्या बोलण्यावर कोणी विसंबू नये.

नागरत्नाबाईंनी पहिल्याच दिवशी दारात उभे राहून विचारले होते, “अय्यो, हे काय रे हयग्रीवा? चाक एवढं फिरतंय आणि सायकल सुम्ने, उगाच, तिथंच!”

“तब्येतीसाठी आहे, आई.”

“तब्येतीसाठी भाजी आणायला जा की मार्केटला. पोटही उतरेल, भाजीही येईल.”

हयग्रीवचा उत्साह दोन महिने टिकला. पुढे त्याची बदली होसूरला झाली, आणि ट्रेनरवर ओले टॉवेल वाळू लागले. मी एका ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडून राहिले. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मला बाहेर काढले ते सहनाने. ही नागरत्नाबाईंच्या भावाची मुलगी, कॉलेजसाठी हासनहून आत्याकडे राहायला आलेली. मुलगी कमी बोलणारी, पण पायांत विलक्षण जोर. शहरातल्या एका सायकल क्लबात ती जाऊ लागली. तिथले विश्राम सर नाशिकचे; नोकरी संगणकाच्या कंपनीत, आणि उरलेला सगळा जीव सायकलींत. आठवड्याचे काही सराव ते मुलांना घरीच ट्रेनरवर करायला लावत आणि लॅपटॉपवरून सगळ्यांशी बोलत, सगळ्यांचे आकडे पाहत. सहनाचे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, “एकशे साठ वॅट आणि ठोके फक्त एकशे अठ्ठेचाळीस? अगं, तुझी पट्टी कुठली आहे? इतका स्वच्छ आलेख मी क्लबात कुणाचा पाहिला नाही.”

त्या दिवशी सहनाने मला हाताने धुतले आणि सावलीत वाळत घातले. तो माझ्या आयुष्यातला मानाचा काळ होता.

आता त्या घरातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचे कळेल. नागरत्नाबाई एकादशीला अन्नाचा कण तर नाहीच, पण पाण्याचा थेंबही घेत नसत. सहना राहायला आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “जमलं तर कर. बळजबरी नाही.” सहनाने पहिल्याच वेळी पाण्यावाचून उपास काढला. दुसऱ्या दिवशी नागरत्नाबाई शेजारी, मठात, फोनवर सगळ्यांना सांगत सुटल्या, “आमची सहना पाणीसुद्धा घेत नाही, हौद, खरंच! आजकालच्या कुठल्या मुलीला जमतं?” आत्याच्या तोंडची ती स्तुती सहनाला फार गोड लागली. मग थांबणे अवघड झाले.

एकादशीच्या संध्याकाळी नागरत्नाबाई मठात प्रवचनाला जात. नेमक्या त्याच वेळी सहना मला बांधून ट्रेनरवर बसे. तिला त्या दिवशी उपास आहे हे सरांना ठाऊक नव्हते, आणि ती त्या दिवशीही घाम गाळते हे आत्याला ठाऊक नव्हते. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली मी एकटी. पण मला आकडा सांगता येतो, कारण सांगता येत नाही.

सरांना तिने का सांगितले नाही, तेही ऐका. एकदा क्लबात तिने उपासाचा विषय काढला होता. तेव्हा यशस्विनी नावाची तिची मैत्रीण म्हणाली, “मग सायकललाही उपास घाल की. टायरमध्ये हवा भरूच नकोस!” सगळे हसले. सरही हसले. सहनाने तो विषय पुन्हा काढला नाही.

एका एकादशीला ट्रेनरने तोच एकशे साठ वॅटचा जोर मागितला. माझा आकडा मात्र चढत गेला, तो एकशे सहासष्टला जाऊन थांबला. पाण्यावाचून तिचे रक्त दाटले होते, हृदयाला अधिक धावावे लागत होते. मी जे होते ते सांगितले. सरांच्या कपाळाला आठी पडली. “पट्टी धुतलीस का? सेल बदल बरं.” तिने मला साबणाने धुतले, डबीत नवा सेल घातला. मधल्या दिवसांत माझे आकडे पूर्वीसारखे आले. पुढच्या एकादशीला पुन्हा चढले.

“ही पट्टी गेली कामातून,” सर म्हणाले. “मनाला येईल ते दाखवते. मी क्लबातली नवी देतो.”

मित्रांनो, मनाला येईल ते! मी! पण माझे ऐकतो कोण? मागच्या दाराशी एका खिळ्याला मला टांगण्यात आले. तिथे नागरत्नाबाईंच्या मडीच्या, म्हणजे सोवळ्याच्या, साड्या वाळत. मला पाहून त्या म्हणाल्या, “ही घामट वस्तू माझ्या मडीशेजारी बेडा, नको. पलीकडे सरकव.” म्हणून मी आणखी एक खिळा पलीकडे गेले. ऊन लागून माझी शिवण उसवली.

त्यानंतरच्या एकादशीला नव्या पट्टीनेही तोच चढता आकडा दाखवला. मला आनंद झाला नाही, कारण आता संशय पट्टीवरून उठून मुलीच्या हृदयावर गेला होता.

हा संशय साधा नव्हता. बेंगळुरूच्या एका संघाने राज्यभरातून मुलींची निवड शिबिरासाठी करायचे ठरवले होते. प्रत्येक मुलीने एका ठरलेल्या रविवारी सकाळी आपल्या घरी, कॅमेऱ्यासमोर, ट्रेनरवर वीस मिनिटांची चाचणी द्यायची. सरासरी दोनशे वॅटच्या खाली आली तर नाव बाद. म्हैसूरच्या क्लबातून एकच नाव जाणार होते आणि ते सहनाचे ठरले होते. पण सर म्हणाले, “मधूनच हृदय असं धावत असेल तर मी तुला पूर्ण जोर लावायला सांगणार नाही. कारण कळल्याशिवाय नाव पाठवणार नाही.” नजरबाद भागातल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. एका साध्या, पोटभर जेवलेल्या दिवशी. सगळे उत्तम निघाले. त्यामुळे कोडे अधिकच वाढले. सहना तरीही गप्प राहिली. बोलावे तर सर हसतील, आणि उपास सोडावा तर आत्याची मान खाली जाईल, असे तिला वाटे.

नाव पाठवण्याच्या शेवटच्या दिवशी सर स्वतः घरी आले. मागचे दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“काकू, तुम्हाला न सांगता निर्णय घेणं बरं दिसणार नाही. मी यशस्विनीचं नाव पाठवतोय. सहनाचे ठोके मधूनच फार वाढतात, आणि का ते मला कळत नाही.”

“मधूनच म्हणजे केव्हा?” नागरत्नाबाईंनी विचारले. त्यांना अर्धवट उत्तरे चालत नसत.

“गेल्या पंधरवड्यात झालं. सहना म्हणाली होती, तुम्ही मठात गेला आहात, त्या संध्याकाळी.”

“मठात मी एकादशीला जाते.”

“त्याच्या आधी, आमची बैलकुप्प्याची राइड पावसामुळे रद्द झाली ना, त्या दिवशी.”

“त्या दिवशी मीही मठातून भिजत आले होते.” नागरत्नाबाईंचा आवाज बदलला. “सहना, इकडे ये. एकादशीला मी तिकडं प्रवचन ऐकत बसते, आणि तू इथं ह्या यंत्रावर बसतेस?”

“हो, अत्या.”

“पाणी?”

“नाही घेत.”

“पाणीसुद्धा नाही?” सर जवळजवळ ओरडले. “तासभर ट्रेनरवर, पाण्याशिवाय? अगं, मला सांगायचं नाहीस?”

“सांगितलं होतं, सर. क्लबमध्ये. यशस्विनीने जोक केला, आणि तुम्ही पण हसलात.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “हसलो होतो. चुकलं माझं.” आणि लगेच, “म्हणजे हृदय चांगलं आहे. ती जुनी पट्टीही बरोबरच सांगत होती.”

“मग नाव पाठवा,” नागरत्नाबाई म्हणाल्या.

“पाठवतो. चाचणी येत्या रविवारी सकाळी.”

“रविवारी एकादशी आहे.”

“तारीख सगळ्या राज्यासाठी एकच आहे, काकू,” सर हळूच म्हणाले. “आणि कोरड्या तोंडानं मी तिला बसू देणार नाही. शिबिर गेलं तरी चालेल.”

“तुम्हाला ते सांगायची गरज नाही. सहना, रविवारी तू पाणी पिशील.”

“पण अत्या, तुम्ही मठात सगळ्यांना सांगितलंय...”

“सांगितलं मी. निस्तरेन मी. तू पिशील की नाही, तेवढं बोल.”

सहनाने बराच विचार केला. तिचा उपास केवळ आत्याच्या कौतुकासाठी उरला नव्हता. देवाचीही तिला ओढ होती. शेवटी ती म्हणाली, “पाणी घेईन. दूध आणि केळं घेईन. भात नको, अत्या. तेवढं मी पाळते.”

“आयतु, ठरलं,” नागरत्नाबाई म्हणाल्या. “तसंच कर.”

त्या संध्याकाळी नवी पट्टी क्लबात परत गेली. सहनाने मला खिळ्यावरून काढले, आणि नागरत्नाबाईंनी स्वतः सुई-दोरा घेऊन माझी उसवलेली शिवण घातली. टाके बारीक आणि एकसारखे होते. माझ्याविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

रविवारी पूजा लवकर आटोपून त्या खुर्ची ओढून ट्रेनरसमोर बसल्या. स्वतः निर्जळी, मांडीवर सहनासाठी पाण्याच्या दोन बाटल्या. सर लॅपटॉपवरून पाहत होते.

“सर, ह्यात हिच्या काळजाचा आकडा कुठला?”

“उजवीकडचा लाल, काकू.”

त्या तो मोठ्याने वाचू लागल्या, कानडीत, कारण आकडे त्यांना त्याच भाषेत सुचत. पोटात दूध-केळ्याखेरीज काही नव्हते आणि जोरही नेहमीपेक्षा जास्त लागत होता. मी नेहमीपेक्षा थोडा वरचा आकडा देत होते, पण तो सरळ रेषेत होता. अर्धा वेळ सरला. सहनाचा श्वास माझ्या कापडाला ताणू लागला.

“नूरा एंबत्तु!” नागरत्नाबाई किंचाळल्या. “एकशे ऐंशी! साकु, सहना, पुरे! उतर खाली!”

“काकू, तिला थांबवू नका. हे चालतं. आलेख ठीक आहे,” सर म्हणाले. “पाणी द्या फक्त.”

त्या उठल्या आणि बाटली तिच्या तोंडाशी धरली. सहनाने दोन घोट घेतले, अर्धे माझ्यावर सांडले. शेवटच्या मिनिटांत ट्रेनरचे लोखंडी चाक असे गरजले की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिले. सरासरी निघाली दोनशे तीन. सहनाने हँडलवर डोके टेकले आणि ती रडली की हसली ते मलाही सांगता आले नाही. ठोके दोन्हीला सारखेच असतात.

चार दिवसांनी शिबिराच्या यादीत तिचे नाव आले. पण मला अधिक मोठी वाटते ती द्वादशीच्या सकाळची गोष्ट. मठातल्या मैत्रीण विभावरीबाई दारात येऊन म्हणाल्या, “काय नागरत्ना, कालही सहनानं पाणी घेतलं नाही ना? काय पोर आहे!”

नागरत्नाबाई उंबऱ्याशी ताठ उभ्या होत्या. “घेतलं,” त्या म्हणाल्या. “मी माझ्या हातानं दिलं. बस, कॉफी घेऊन जा.”

मित्रांनो, आता माझे मागणे ऐका आणि लक्षात ठेवा. माझ्यासारखी वस्तू वापराल तर घाम धुऊन सावलीत वाळवा, उन्हात टांगू नका. तिचा आकडा आवडला नाही म्हणून तिला खोटी ठरवू नका. आधी तुम्ही कोणापासून काय राखून ठेवले आहे ते त्या माणसाला जाऊन सांगा. आणि बांधण्यापूर्वी माझ्या दोन्ही कानांना पाण्याचे बोट लावा. कोरड्या अंगावर कोरडी बांधलीत, तर मलासुद्धा काही ऐकू येत नाही.