भुरीचं शेवटचं इंजेक्शन

"सोड तिला. बरी झालीय ती. आता पुन्हा कशाला टोचायचं?" नवरा गोठ्याच्या दारातूनच म्हणाला. आत यायची त्याची तयारी नव्हती.

शिंपीणबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. नव्या सिरिंजमध्ये औषध भरलं, टिचकी मारून हवेचा बुडबुडा वर आणला आणि बाहेर काढला. भुरी शेळीला न्यूमोनिया झाला होता. पहिलं इंजेक्शन डॉक्टरीणबाईंनी मानेत देऊन दाखवलं होतं आणि बजावलं होतं, शेळी खायला लागली तरी मधेच थांबायचं नाही, आजार उलटतो. आज शेवटचं होतं.

"जन्मभर ब्लाउज शिवलेस तू. ही शेळी आहे."

"म्हणूनच नीट बघून टोचते. कापड ओरडत नाही, ही ओरडते."

नवऱ्याच्या हट्टाचं कारण कोपऱ्यात उभं होतं, मागचा पाय उचलून. या दुसऱ्या शेळीला, लंगडीला, असाच ताप आला तेव्हा इंजेक्शन त्यानेच दिलं होतं, मांडीत, कुणीतरी सांगितलं तसं. सुई पायाच्या मज्जातंतूला लागली. ताप उतरला, पाय मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून या माणसाने सुईला हात लावला नव्हता. सदऱ्याचं बटणसुद्धा बायकोने लावायचं.

"या, डोकं धरा हिचं."

"मला नाही जमणार गं."

"सुई मी धरतेय. तुम्ही फक्त शेळी धरा. मला इतकी वर्षं सांभाळलंत, ही काय जड आहे?"

तो कुरकुरत आत आला. बाईंनी मानेचा जाड स्नायू चाचपला, सुई घातली आणि दट्ट्या किंचित मागे ओढला. सिरिंजमध्ये लाल धागा उतरला.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बघ! तरी मी म्हणत होतो!"

"धरून ठेवा. रक्तवाहिनीत गेली, एवढंच. औषध अजून माझ्याच हातात आहे."

चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. सुई काढली, ती सिरिंज बाजूला टाकली, दुसरी भरली. मानेच्या दुसऱ्या बाजूला टोचून पुन्हा दट्ट्या ओढला. या वेळी रक्त नव्हतं. तिने सावकाश औषध सोडलं. भुरी एकदा ओरडली आणि मान झटकून चाऱ्याला लागली.

"झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं. दुधात औषध उतरतं, ते अजून काही दिवस ओतूनच द्यायचं."

तो भुरीचे चारी पाय बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मानेत द्यायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही लंगडीला वाचवायलाच टोचलं होतंत."

त्याने चाऱ्याची पेंढी उचलली. लंगडीला चालावं लागू नये म्हणून तो रोज तिच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा आणि लगेच मागे फिरायचा. आज ठेवली आणि तिच्याजवळच खाली बसला.