सासूसमोर विचारलेला प्रश्न

"गार पाण्यानं अंगावर गांधी उठतात का?" मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

"छे! आमच्या सुनेला कसलाही आजार नाही," हज करून आलेल्या हज्जा रतीबाच बोलल्या. आमच्या मन्सूरा शहरात मुलगी लग्नाआधी असल्या सौंदर्योपचारांच्या दवाखान्यात एकटी येत नाही, आणि होणारी सासू सोबत आली की उत्तरंही तीच देते. पलंगावर पडलेल्या नवारानं नुसती मान हलवली.

मी 'नाही'वर खूण केली. बावीस वर्षं नर्स आहे मी. बाईंना बाहेर बसवून विचारायचं, एवढी अक्कल मला हवी होती.

चरबी गोठवणाऱ्या यंत्राचा कप मी नवाराच्या पोटावर बसवला.

"लग्नाचा झगा अंगाला नीट बसला पाहिजे हो," हज्जा बजावत होत्या.

दहाव्या मिनिटाला नवारा गळा खाजवू लागली. पोटावर कपाच्या कडेबाहेर लाल गांधी उठल्या होत्या, बघता बघता त्या छातीपर्यंत चढल्या. ओठ सुजले.

"मावशी, श्वास..."

डॉक्टर संध्याकाळी येतात. हज्जांना काही दिसायच्या आत मी त्यांना खालच्या दुकानातून पाणी आणायला पिटाळलं, कप काढला, तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेला फोन केला. मेली तर? माझ्या हातून मेली तर? भीतीनं मला साधी दुआसुद्धा आठवेना.

हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला.

"आधी कधी झालं होतं?"

"लहानपणापासून होतं. कालव्यात पाय घातला तरी." ती रडत होती. "त्यांना सांगू नका, मावशी. आधीची मुलगी त्यांनी नुसत्या दम्यावरून नाकारली."

"अगं, जीव गेला असता तुझा!"

"माझं मोडलं तर धाकटीलाही कोणी विचारणार नाही."

"इस्पितळातल्या डॉक्टरला मी खरं सांगणार. पण एकट्याला."

एवढ्यात हज्जा पाणी घेऊन आल्या. नवाराचं तोंड बघून किंचाळल्या, "हे काय केलंस पोरीचं?"

"माझी चूक, हज्जा. थंडीनं कातडी भाजू नये म्हणून कपाखाली जेलचा कपडा घालतात, तो घालायला विसरले."

"डोळे फुटले होते का तुझे? पुन्हा कुठे कामाला लागतेस तेच बघते!"

"बघा," मी म्हणाले.

रुग्णवाहिकेत हज्जा पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या आणि एकेका नातेवाइकाला फोन लावत सुटल्या. "इन्शिराह नाव त्या नर्सचं. हो, इन्शिराह. सगळ्यांना सांग."

मागे मी नवाराचं मनगट धरून तिची नाडी मोजत होते.