चार दहाचा पाहुणा

पेनाचं टोपण बसत नव्हतं. उन्हानं वाकडं झालं असेल, किंवा बोटंच आज धड चालत नसतील – श्रीधररावांनी ते दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, शेवटी तसंच टेबलावर टाकलं आणि पुन्हा आखीव वहीकडे पाहिलं. कालच्या ओळीत त्यांच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं : ४.१०, व्हर्जिनिया, पान – गोळाभात. परवाच्या ओळीत तेच. तेरवाच्याही. अकरा महिन्यांच्या ओळी.

वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं दर तासाला मीटर वाचून लिहिणाऱ्या माणसाची ही खोड. निवृत्त होऊन बेसा वस्तीतल्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा वाचायला मीटरच उरला नाही, म्हणून बायकोच्या वेबसाइटवर कोण येतं ते लिहू लागले. देवकी तिथे जुने पदार्थ लिहायची – वडाभात, सांबारवडी, आणि मुलाला, विहंगला, आवडतो तो गोळाभात. वाचणारे मोजून पाच-सात. पण रोज दुपारी चार दहाला कुणीतरी व्हर्जिनियाहून येत होतं, आणि व्हर्जिनियात आपलं म्हणून कोण आहे, एक मुलगा सोडून? तो मुलगा, जो तीन वर्षं फोन करत नाही, ज्याला मीच म्हणालो होतो... काय म्हणालो होतो? आमच्यासाठी यायचे उपकार करू नकोस. एवढंच. रागाच्या भरात माणूस एवढं बोलतोच की.

त्यांनी देवकीला सांगून टाकलं होतं : बोलत नाही, पण रोज वाचतो बरं. ती दुपारभर रडली आणि संध्याकाळी नवं पान लिहायला बसली.

आणि आज सकाळी, वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीनं एक नवा तक्ता दिला होता – तुमच्याकडे कोणकोणते एआय क्रॉलर येतात ते पाहा. म्हणजे माणसं नव्हेतच. यंत्रांना शिकवायला जगभरचा मजकूर गोळा करत हिंडणारे प्रोग्राम. सहा नावं होती. तिसऱ्या नावापुढे : व्हर्जिनिया, चार दहा, गोळाभात. आणि शेजारी एक बटण – अडवा.

ते अजून तक्ताच पाहत होते तेव्हा देवकी चहा घेऊन आली होती.

"अहो, मी काय म्हणते, आज तो येऊन गेला की फोनच लावू. तिकडे सकाळ असते, हापिसात गेला नसेल. रोज येऊन राहिला, म्हणजे राग कुठे उरला त्याचा?"

ते 'हं' म्हणाले. त्या 'हं'नंच घात केला. तेव्हाच सांगायचं होतं. मग आंघोळ झाली, जेवण झालं – वरणात मीठ होतं की नाही, देव जाणे – कूलरमध्ये पाणी भरताना अर्धी बादली पायावर सांडली, आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगू, हे झालं की सांगू... तिला सांगायचं तरी काय? की बाई, तुझ्या मुलासाठी लिहिलेलं सगळं एका यंत्रानं वाचलं. तुझा मुलगा कधी आलाच नाही. आणि मी, आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस, मला हवा तो आकडा वाचत बसलो.

रुपराव आठवला. त्यांच्या हाताखालचा ऑपरेटर. एका पाळीत खुर्चीतून न उठता आठही तासांचं पंपाचं तापमान लिहून मोकळा झाला होता – बासष्ट, बासष्ट, बासष्ट – आणि पंप त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद! सगळ्यांदेखत झापलं होतं त्याला. "आकड्याचा भरवसा नसंल तर खाली जा गा, पंपाले हात लावून पाह. बसल्या जागी काय कळते?" रुपराव खाली मान घालून उभा होता. काय ऐट होती तेव्हा माझी.

चार वाजले. चार पाच. बटण समोर होतं. दाबलं की प्रश्न मिटला, उद्यापासून कुणीच यायचं नाही. बोट तिथवर गेलं आणि थांबलं. चार नऊ... छातीत धडधडत होतं, रोजच्यासारखंच, मेलं ते काळीज तक्ता वाचत नाही. चार दहा. व्हर्जिनिया. गोळाभात. आणि श्रीधररावांना, सगळं ठाऊक असून, बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी स्क्रीनच बंद केला.

"आला?" देवकी दारात उभी होती. तिनं साडी बदलली होती. फोनवर कुणी साडी पाहतं का? हातात मोबाइल, अंगठा नावावर.

"आला," ते म्हणाले. आलं तर होतंच कुणीतरी.

"मग लावते."

"थांब. दे इकडे. मी लावतो."

"तुम्ही?" ती बघतच राहिली. "काहून? तुम्ही तर..."

"मीच बोललो होतो ना त्याला. आणि ऐक... मी रोज वहीत लिहायचो तो विहंगच होता की नाही, मला ठाऊक नाही."

तिनं फोन त्यांच्या हातात ठेवला. तिच्या हाताच्या उबेनं तो गरम होता. वहीत आजची ओळ कोरी होती, पेन उघडंच पडलं होतं, आणि श्रीधररावांना पहिला शब्द सुचत नव्हता – विहंग म्हणावं, की बाळा म्हणावं, की नुसतं, मी बोलतोय... तीन वर्षं खुर्चीत बसून काढली होती, आता खाली जाऊन पंपाला हात लावायचा होता. भीती वाटत होती. सकाळपासूनची नव्हे, ही नवी होती, आणि ही यंत्राची नव्हती.